उत्तर तोंडी द्या

टोलेडोत, मॅडिसन रस्त्यावर, चौथ्या मजल्यावर,
खिडकीबाहेर मॉमी नदी गोठायच्या बेतात,
आणि मी माझ्या यंत्राचे तीन पाय उघडते.
माझं काम एवढंच : बोललेलं उतरवून घ्यायचं.
दुखलेलं नाही.

बर्नाडेट विटोवस्की, वय एकसष्ट,
शाळेच्या स्वयंपाकघरात बावीस वर्षं.
शपथेसाठी उजवा हात वर करा, मी म्हटलं,
तो खांद्याशीच अडला.
तेवढ्यावर चालेल, इव्हॉन स्काफ म्हणाली.
इव्हॉन तिची वकील. जिंकली तर तिसरा हिस्सा,
हरली तर झेरॉक्सचे पैसेही खिशातले.

कंपनीचे दोघे कोलंबसहून आलेले, ओले बूट घालून.
त्यांनी टेबलावर खेळण्यातली व्हॅन ठेवली :
दाखवा, तुम्ही कुठे उभ्या होतात.
तिनं साखरेची पुडी उभी केली. ती पडली.
पुन्हा उभी केली, कॉफीच्या कपाला टेकवून.
‘ही मी.’
मी टाइप केलं : ही मी.
पुढे कधी कुणी ते पान वाचेल,
त्याला कळणार नाही की ती साखर होती.

प्रश्न : गाडी मागे येतानाचा आवाज ऐकलात?
ती मान हलवते.
माझी बोटं थांबतात. मान हलवण्यासाठी माझ्याकडे कळ नाही.
मॅडम, उत्तर तोंडी द्या.
‘हो. ऐकला. पण तो आमच्या गल्लीत
दिवसातून आठदा वाजतो. मी कचऱ्याचा डबा आत घेत होते.
डब्याचं एक चाक नीट फिरत नाही.’

मग कंपनीचा माणूस.
शर्टावर नाव कुणाचं? आमचं.
व्हॅनवर? आमचं.
थांब्यांची यादी, मिनिटांचा हिशेब, फोनमधला नकाशा?
आमचा.
आणि ड्रायव्हर?
तो आमचा नाही. कंत्राटदाराचा.
कंत्राटदार कुठे आहे?
तो आता नाही.
यालाच काखा वर करणं म्हणतात,
आणि त्यालाही माझ्याकडे कळ नाही.

जेवणानंतर कॉर्डेल पिट्स. चोवीस वर्षांचा,
अंगात बहिणीचा कोट, बटणं उलट्या बाजूला.
इव्हॉननं एक कागद पुढे सरकवला.
हा कागद मिळवायला तिनं तीन पत्रं लिहिली होती,
शेवटी न्यायाधीशांकडून हुकूम आणला होता.
त्या दिवशी थांबे : एकशे सत्त्याऐंशी.
दोन वाजून अकरा मिनिटं : पार्सल पोचवलं.
पण दोन अकराला तुम्ही गाडी मागे घेत होतात ना?
‘आधीच दाबतो आम्ही. नाहीतर आकडा लाल होतो.’
खोकं कुठे होतं?
‘शेजारच्या सीटवर.’
कुणाचं होतं?
त्यानं कागदाकडे पाहिलं, मग तिच्याकडे.
‘यांचंच.’

पाखरांचे दाणे, तिनं मधेच सांगितलं, दहा पौंड.
तुमची पाळी नाही, कोलंबसवाले म्हणाले.
तरी ती पुढे वाकली, चांगला हात टेबलावर टेकून :
‘जेवला होतास का रे त्या दिवशी?’
हरकत, हरकत. दोन्हीकडून एकदमच,
इव्हॉनसुद्धा. हे नोंदीत नको.
मी हात मांडीवर घेतले.

कॉर्डेलनं मान हलवली.
कुणीच म्हणालं नाही, उत्तर तोंडी द्या.
कुणीतरी हीटर वाढवला.
मग पुन्हा नोंदीत, तीन वाजून चार मिनिटं,
ब्रेकच्या तपासणीचे प्रश्न.

एप्रिलमध्ये तडजोड झाली म्हणे. आकडा सीलबंद.
खांद्याचं ऑपरेशन झालं, एवढं इव्हॉन लिफ्टमध्ये बोलली,
मोठं पातेलं अजून उचलता येत नाही.
कॉर्डेलचं तिला माहीत नव्हतं.

एकशे बेचाळीस पानं भरली.
दोन्हीकडे बिलं पाठवली.
कंपनीकडून अजून यायचंय.